कुर्तुब्याचे जर्राह अबुल कासिम

रमजानच्या दिवसांत उपाशी पोटाची ओळख साऱ्या गावाला होते. रोजा ठेवणाऱ्यांना ती असतेच, पण शेजारीपाजारीही संध्याकाळी घड्याळाकडे पाहू लागतात. उपाशी पोटाची आणखी एक ओळख आहे आणि ती कुठल्याच जातीधर्माला चुकलेली नाही. पोटाचे ऑपरेशन ठरले की आदल्या रात्री सिस्टर येऊन सांगून जाते, आता काही खायचे-प्यायचे नाही.

हा उपवास पुण्यासाठी नसतो, जिवासाठी असतो. भूल दिल्यावर खोकण्याची आणि गिळण्याची ताकदही झोपी जाते. पोटात अन्न असेल तर ते उलटून श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. म्हणून अन्न निदान सहा तास आणि साधे पाणी निदान दोन तास आधी बंद करतात. आजारी माणसावर रोज्याची सक्ती नाही. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पुरे करण्याची मोकळीक त्याला दिलेली आहे. पण ऑपरेशनच्या या उपवासातून मात्र कुणाची सुटका नाही.

मग स्ट्रेचर आत जाते, दार बंद होते आणि नातेवाईक बाकावर बसून राहतात. आत काय चालते ते त्यांना दिसत नाही. भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्यावर नजर ठेवून असतात. सर्जन आधी कातडी उघडतात, मग चरबीचा थर, मग पोटाची ताकद ज्यात असते तो पांढरा, चिवट पडदा आणि शेवटी आतड्यांभोवतीचे पातळ आवरण. आतडी बाहेर घ्यावी लागली तर कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात ती गुंडाळून ठेवतात. आत गेलेले प्रत्येक कापड आणि प्रत्येक सुई मोजलेली असते. पोट शिवण्यापूर्वी ती पुन्हा मोजतात. हिशेब जुळल्याशिवाय पोट बंद करायचे नाही, असा नियमच आहे.

बाहेर बसलेल्यांना हे सारे अगदी नव्या काळाचे वाटते. भूल नवीच आहे. जंतूंचे ज्ञानही नवे आहे. पण उघड्या पोटापुढे उभ्या राहिलेल्या माणसाने काय करायचे आणि काय करायचे नाही, हा विचार जुना आहे. हजार वर्षांपूर्वी तो विचार चित्रांसह लिहून ठेवणारे एक जर्राह स्पेनमध्ये होऊन गेले. अबुल कासिम अल-जहरावी हे त्यांचे नाव. युरोपने त्यांना अल्बुकासिस म्हटले.

त्या काळी स्पेनच्या मुसलमानी राज्याला अंदलूस म्हणत आणि त्याची राजधानी होती कोर्डोबा, म्हणजे अरबांचे कुर्तुबा. खलिफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी 936 साली कुर्तुब्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर नवी राजनगरी बांधायला घेतली. तिचे नाव मदिनतुज्जहरा. या नगरीवरूनच अबुल कासिम यांना जहरावी हे नाव मिळाले आणि त्यांचा जन्मही साधारण त्याच वर्षी झाला असे मानतात. नगरी आणि माणूस जणू जोडीने वाढले. पुढचे खलिफा हकम दुसरे यांना ग्रंथांचे वेड होते. त्यांच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते असे जुने इतिहासकार लिहितात. मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी विद्वान ज्या शहरात शेजारी शेजारी राहत, त्या शहरात जहरावी वैद्यकी शिकले आणि म्हातारपणापर्यंत त्यांनी तीच केली.

त्यांच्या खाजगी आयुष्याबद्दल त्यांनी फारसे लिहिले नाही. त्यांनी लिहिले ते रुग्णांबद्दल. सुमारे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर, 1000 सालाच्या आसपास, त्यांचा तसरीफ हा ग्रंथ पुरा झाला. त्याचे तीस भाग आहेत. रोग, औषधे, लेप, आहार असे सगळे त्यात आहे. शस्त्रक्रिया मात्र त्यांनी शेवटच्या, तिसाव्या भागात ठेवली. त्या भागाचे तीन हिस्से आहेत: डाग देणे, कापणे व शिवणे आणि हाडे बसवणे. त्यात सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे आहेत. सुऱ्या, आकड्या, चिमटे, सळया, कात्र्या, नळ्या, करवती. प्रत्येक हत्यार कशाचे करायचे, केवढे करायचे, कसे धरायचे हे शिकणाऱ्यासाठी समजावून सांगितले आहे. आपल्या शागिर्दांना ते मुलांप्रमाणे हाक मारतात आणि बाप सांगेल तसे सांगतात.

त्यांचे एक हत्यार मला फार हृद्य वाटते. गळू फोडायचे म्हटले की रुग्ण सुरी पाहूनच थरथरतो. भूल द्यायची सोय नव्हती. इथरची पहिली जाहीर भूल 1846 साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये दिली गेली. म्हणजे मधली साडेआठशे वर्षे माणसे जागेपणीच हे सोसत होती. जहरावींनी अशा रुग्णांसाठी एक छोटे हत्यार केले. त्याचे पाते आत लपलेले असे. हात गळवावर नुसता फिरतो आहे असे रुग्णाला वाटे, तोवर पाते बाहेर येऊन काम करून परत आत गेलेले असे. त्यांनी त्याचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन आकार काढून दाखवले आहेत. रुग्णाच्या भीतीचा विचार करून हत्यार घडवणारा माणूस मनाने कसा असेल, ते यावरून कळते.

आता पोटाकडे येऊ. पोटात पाणी होण्याचा आजार, आपला जलोदर, जहरावींच्या काळीही होता. हे पाणी काढण्याची रीत त्यांनी बारकाईने लिहिली आहे. नाभीच्या खाली तीन बोटांवर छेद घ्यायचा. आजाराचे मूळ यकृतात असेल तर छेद डावीकडे आणि प्लीहेत असेल तर उजवीकडे घ्यायचा, म्हणजे दुखऱ्या अवयवापासून दूर. मग चांदीची, तांब्याची किंवा पितळेची गुळगुळीत नळी आत सरकवायची. तिचे टोक बोरूसारखे कापलेले असावे आणि बाजूंना भोके असावीत, म्हणजे पाणी सहज येईल. पण खरी शहाणीव पुढे आहे. सगळे पाणी एका वेळी काढायचे नाही. रुग्णाची ताकद आणि नाडी पाहून थोडे थोडे काढायचे, नाहीतर तो बेशुद्ध पडेल किंवा दगावेल. आजही डॉक्टर मोठ्या जलोदराचे पाणी काढताना रक्तदाबावर लक्ष ठेवतात. पाणी भराभर काढले तर रक्ताभिसरण कोलमडू शकते, हे आता आपल्याला ठाऊक आहे. जहरावींना कारण वेगळे वाटत होते, पण त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. रुग्ण अशक्त असेल, त्याला खोकला किंवा जुलाब असतील, तर या रुग्णाला हात लावू नये असेही त्यांनी बजावले आहे.

आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेतही जलोदराचे पाणी एका दिवसात सगळे काढू नये असे सांगितले आहे. हा योगायोग मानायचा की ज्ञानाचा प्रवास, हे ठरवण्याची घाई करायला नको. एवढे मात्र खरे की आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये बरमकी वजिरांच्या सांगण्यावरून सुश्रुतसंहिता अरबीत आली होती आणि थोर हकीम राझी यांनी आपल्या लेखनात सुश्रुताचा आधार घेतला होता.

पोटाच्या जखमांचे प्रकरण तसरीफमध्ये याहून थरारक आहे. भोसकलेल्या माणसाची आतडी बाहेर येत. बाहेरच्या हवेने ती गार पडत, वाऱ्याने फुगत आणि आलेल्या वाटेने परत जात नसत. घाबरलेला वैद्य ती बोटांनी आत कोंबायला बघे. जहरावी सांगतात की आधी ती ऊबवा. कोमट पाण्यात भिजवलेला स्पंज त्यांच्यावर ठेवा, म्हणजे फुगवटा उतरेल. तरीही जात नसतील तर जखम थोडी वाढवा, पण आतड्यांवर जोर करू नका. जखम पोटाच्या खालच्या भागात असेल तर रुग्णाला पाय वर करून निजवा, वरच्या भागात असेल तर डोके आणि छाती उंच ठेवा. मग आतडी आपल्याच वजनाने जखमेपासून दूर सरकतात.

आज टेबल तिरके करून रुग्णाचे डोके खाली आणि पाय वर घेतात, त्या पद्धतीला एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांचे नाव आहे. दुर्बिणीने पोटातले ऑपरेशन होते तेव्हाही टेबल असेच कलते करतात, म्हणजे आतडी बाजूला होतात. कोमट, ओल्या कापडाचे आपण वर पाहिलेच. आतडे सुकू द्यायचे नाही आणि गार पडू द्यायचे नाही, ही काळजी त्या खोलीत आजही तशीच घेतली जाते.

शागिर्दांना धडा मिळावा म्हणून जहरावींनी एका माणसाची हकीकत दिली आहे. पोटात सुरी खुपसल्याने त्याचे आतडे बाहेर आले होते आणि पुरा एक दिवस व एक रात्र ते बाहेरच होते. इतर हकिमांनी त्याची आशा सोडली होती. जहरावी जिथे होते तिथे मलम नव्हते, औषधे नव्हती. त्यांनी आतडे आत घातले, जखम शिवली आणि दिवसातून दोनदा जुना कापूस ठेवून मधाच्या पाण्याने ती धूत राहिले. साधारण पंधरा दिवसांत जखम भरली. तो माणूस पुढे कित्येक वर्षे जगला, आपले कामकाज करीत राहिला. मधात जंतू सहसा वाढत नाहीत हे आज प्रयोगशाळेत दाखवता येते. जहरावींच्या हाताशी मध होता आणि धीर होता.

आतडेच चिरले गेले असेल तर काय करायचे, हा प्रश्न अवघड होता. मोठ्या आतड्याची जखम भरण्याची आशा जास्त, लहान आतड्याची कमी, हे जहरावींनी नोंदवले आहे. बारीक जखमेसाठी अनुभवी लोक काय करीत तेही त्यांनी सांगितले आहे. जखमेच्या कडा जुळवून त्यांवर मोठ्या डोक्याचे मुंगळे चावू द्यायचे आणि मग धड कापून डोके तसेच राहू द्यायचे. डोके सुटत नाही आणि कडा मिटलेल्या राहतात. सुश्रुतसंहितेतही काळ्या मुंग्यांचा हाच उपाय आहे. दुसरा उपाय सुईचा. जनावराच्या आतड्यापासून काढलेला तलम धागा खरवडून स्वच्छ करायचा, त्याच्या टोकाला बारीक पिळलेला दोरा जोडून तो सुईत ओवायचा आणि आतडे शिवायचे. आतड्याच्या धाग्याची थोरवी अशी की शरीर तो हळूहळू पचवून टाकते आणि टाके काढायला पुन्हा पोट उघडावे लागत नाही. याच जातीचा धागा कॅटगट नावाने विसाव्या शतकातही जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत होता. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्यांनी घेतली आहे.

एका बाईची हकीकतही त्यांनी लिहून ठेवली आहे. तिचे बाळ पोटातच गेले. पुन्हा दिवस राहिले, तेही बाळ गेले. बऱ्याच काळानंतर बेंबीपाशी गाठ येऊन फुटली आणि पू वाहू लागला. जहरावींनी खूप दिवस औषधपाणी केले, जखम भरेना. एके दिवशी तिथून हाड निघाले. काही दिवसांनी आणखी एक. पोटाच्या त्या जागी हाड नसतेच, मग हे आले कुठून? त्यांनी विचार केला आणि उमगले की ही त्या न जन्मलेल्या बाळाची हाडे आहेत. मग त्यांनी जखमेचा शोध घेऊन बरीच हाडे बाहेर काढली. बाई वाचली आणि पुढे बराच काळ जगली, फक्त थोडा पू येत राहिला. गर्भाशयाबाहेर, पोटात राहिलेल्या गर्भाचे हे वर्णन असावे, असे वैद्यकाचे इतिहासकार मानतात. पूर्ण बरी झाली असे जहरावींनी लिहिले नाही. पू येत राहिला तर पू येत राहिला असेच लिहिले.

स्त्री रुग्णांच्या लज्जेचाही त्यांनी विचार केला होता. मूतखड्यासारखे नाजूक काम असेल तर जाणती सुईण बोलवावी, वैद्याने सांगावे आणि तिने करावे, अशी रीत त्यांनी घालून दिली.

पण या साऱ्या कौशल्याहून मला त्यांच्या ग्रंथाची सुरुवात मोठी वाटते. तिसाव्या भागाच्या आरंभी ते आपल्या काळातल्या जर्राहांच्या चुका सांगतात. शरीराची रचना न शिकता सुरी हातात घेतली तर काय होते, याची ती उदाहरणे आहेत. एकाने बाईच्या मानेवरची गाठ कापली, धमन्या तुटल्या आणि ती तिथेच गेली. एकाने मोडलेल्या पायाला इतके घट्ट बांधले की पाय सडला. आणि एक म्हातारा होता, मूत्राशयात मोठा खडा असलेला. तो आधी जहरावींकडेच आला होता. खड्याचा आकार आणि म्हाताऱ्याची अवस्था पाहून, हा वाचणार नाही हे त्यांनी ओळखले आणि हात लावला नाही. दुसऱ्या एका वैद्याने खडा काढला, पण मूत्राशयाचा तुकडाही त्याबरोबर आला. साधारण तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

हे सांगून ते शागिर्दांना बजावतात की शस्त्रक्रिया दोन प्रकारची असते. एकीत सहसा सुरक्षितता असते, दुसरीत बहुधा धोका. कोणती कुठली हे ते जागोजागी दाखवून देतात. तुमच्याकडे असेही लोक येतील की जे दुखण्याला इतके कंटाळले आहेत की मरण पत्करतील. असेही येतील की जे बरे होण्याच्या आशेने हवा तेवढा पैसा पुढे करतील, पण रोग जीवघेणा असेल. अशांच्या आग्रहाला बळी पडू नका. लोभापेक्षा सावधपणा मोठा असू द्या.

चीर देणे शिकवता येते. न देण्याचे धैर्य शिकवणे कठीण असते. नाही म्हणणाऱ्या वैद्यावर नातेवाईक रागावतात, पैसे बुडतात, दुसरा कुणी हो म्हणतो. तरीही तो नाही म्हणतो, कारण दुसऱ्याचे उघडे पोट ही त्याच्याकडे सोपवलेली अमानत असते. आजच्या थिएटरात कापडे आणि सुया मोजतात ती याच अमानतीची मोजदाद.

अबुल कासिम यांच्या म्हातारपणी अंदलूसमध्ये यादवी माजली. 1010 च्या सुमारास मदिनतुज्जहरा लुटली गेली, पुढे ती ओस पडली. 1013 साली कुर्तुब्याचीही लूट झाली आणि त्याच सुमारास जहरावी गेले. ज्या नगरीबरोबर ते वाढले, तिचा नाश त्यांच्या हयातीतच झाला.

ग्रंथ मात्र वाचला. कुर्तुब्याचे विद्वान इब्न हज्म यांनी जहरावींना पाहिले होते. वैद्यकात तसरीफएवढा परिपूर्ण ग्रंथ नाही, असे त्यांचे मत होते. बाराव्या शतकात टोलेडो शहरात क्रेमोनाचे जेरार्ड या ख्रिस्ती विद्वानाने त्याचा शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला. तेराव्या शतकात यहुदी वैद्याने ग्रंथ हिब्रूत नेला. चौदाव्या शतकातले फ्रेंच सर्जन गी द शोलियाक आपल्या ग्रंथात पुन्हा पुन्हा त्यांचा आधार घेतात. 1465 साली तुर्कस्तानातल्या अमास्या गावच्या सबुंजुओग्लू यांनी तसरीफच्या आधारे तुर्की भाषेत शस्त्रक्रियेचा ग्रंथ लिहिला आणि त्यात ऑपरेशनांची रंगीत चित्रे काढली. 1497 मध्ये व्हेनिसला लॅटिन भाषांतर छापले गेले. आपल्या लखनौतही 1908 साली तिसावा भाग अरबीत छापला गेला.

कोर्डोब्यात आज त्यांच्या नावाची एक गल्ली आहे. मदिनतुज्जहराचे अवशेष पाहायला प्रवासी जातात. पण जहरावींना भेटायला इतके लांब जायला नको. आपल्या गावातल्या कुठल्याही दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, बाकावर जरा वेळ बसावे. आत कुणीतरी आतड्यांवर कोमट कापड ठेवत असते, कुणीतरी कापडे मोजत असते आणि एखाद्या दिवशी कुणी सर्जन बाहेर येऊन, आज कापू नये असे वाटते, एवढेच सांगत असतो. त्या सर्जनवर रागावण्याआधी कुर्तुब्याच्या या म्हाताऱ्या जर्राहाची आठवण काढावी.

ऑपरेशननंतर आतडी एक-दोन दिवस झोपून असतात. म्हणून डॉक्टर रोज पोटाला कान देतात आणि वारा सरला का असे न लाजता विचारतात. यथावकाश पाण्याचा पहिला घोट मिळतो. बाकावर रात्र काढलेली आई किंवा बहीण चमच्याने तो घोट पाजते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर इफ्तारच्या वेळी घराघरात दिसणारे समाधान असते. तिची जात, तिचा धर्म कुणी विचारत नाही.